ड्रम कोर: टाळ्या वाजवतो, पण उठून उभा राहत नाही

ब्लूमिंग्टनकर
मंडळी, डीसीआयची (ड्रम कोर इंटरनॅशनलची) २०२५ ची फायनल इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये बसून पाहिली. बॉस्टन क्रुसेडर्स जिंकले. १९४० सालचा कोर, १९९९ उजाडेपर्यंत फायनलच्या बारा कोरांतही आला नव्हता, आणि पहिलं विजेतेपद मिळालं ते २०२५ मध्ये. माझ्या मागच्या रांगेतले बॉस्टनचे माजी सभासद, सत्तरीचे बाप्ये, ढसाढसा रडत होते. मलाही मनापासून बरं वाटलं. पण अख्ख्या संध्याकाळी मी एकदाही खुर्चीतून उठलो नाही. तोंडात बोटं घातली, टाळ्या वाजवल्या, उठलो मात्र नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ड्रम कोर म्हणजे ब्रास, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड. बासरी, सॅक्सोफोन वगैरे नाही. बाविशीच्या आतली दीडशेच्या आसपास मुलं-मुली, फुटबॉलचं मैदान, आणि अकरा-बारा मिनिटांचा एकच शो. तोच शो घेऊन अख्खा उन्हाळा देशभर हिंडायचं. रात्री बसमध्ये झोपायचं, नाहीतर कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर.

मी नव्वदच्या दशकात इथे शिकायला आलो तेव्हा मैदानावर विजेची एक वायर दिसत नसे. कंपनी फ्रंट लागला, म्हणजे सगळा कोर एका सरळ रेषेत वाजवत प्रेक्षकांच्या अंगावर चालून आला, की बरगड्या थरथरायच्या. आता मैदानाच्या कडेला स्पीकरचे मनोरे, मिक्सर, सिंथेसायझर. बरगड्या आजही थरथरतात, पण त्या सबवूफरने. मागे स्टेज, रॅम्प, पडदे. डोक्यावरचा शाको (उंच लष्करी टोपी) गेला, तुरा गेला.

पोरं तेव्हाच्या पोरांपेक्षा कितीतरी सफाईने वाजवतात, आणि वाजवताना नाचतातही. मग माझं अडतंय कुठे? इतर जुन्या प्रेक्षकांचं काय होतं? भांडा, पण मुद्द्यावर.

रिकामटेकडा
खुर्ची टाकून बसलो आहे. "भांडा, पण मुद्द्यावर" ही अट या संस्थळावर प्रथमच वाचली.

पोळीचा_लाडू
बाळबोध प्रश्न. हे हायस्कूलच्या मार्चिंग बँडपेक्षा वेगळं असतं का? आमची कन्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तेही मैदानावर आकृत्या करतात. आम्ही आईबाप दर शुक्रवारी स्टॉलवर हॉटडॉग विकतो. शाकाहारी आहोत, तरी विकतो.

जी_ब्यूगल
@पोळीचा_लाडू, वेगळं. कोर शाळेचा नसतो, स्वतंत्र संस्था असते. मूळ माजी सैनिकांच्या संघटनांत. व्हीएफडब्ल्यू आणि अमेरिकन लीजन स्पर्धा भरवायचे, नियमही तेच ठरवायचे. त्याला वैतागून कोरच्या संचालकांनीच आपली संघटना काढली, तीच डीसीआय. पहिली फायनल १९७२ साली व्हाइटवॉटर, विस्कॉन्सिनला झाली आणि अनाहाइम किंग्समेन जिंकले. तुमच्या कन्येचं क्लॅरिनेट मात्र इथे चालायचं नाही. क्लॅरिनेट सोडून ट्रंपेट धरणारी पोरं असतात बरं का.

आता धाग्याचा विषय. माझ्या आयडीवरून मी कुठल्या पक्षाचा हे कळलं असेलच, तरी एकेक बदल सुटा करून बघू.

१९९९ पर्यंत जी स्वरातले ब्यूगलच वापरावे लागत. २००० पासून कुठल्याही स्वरातलं ब्रास चालू लागलं. मला दुःख झालं, पण कारण पटलं. ते ब्यूगल बनवणारे मोजके. कोर सोडून जगात दुसरं कोणी ते वाजवत नाही, म्हणजे जुने झाले की विकायचे कोणाला? बी-फ्लॅट ट्रंपेट हंगाम संपला की शाळा विकत घेते. शिवाय जी ब्यूगल सुरात ठेवणं महाकर्मकठीण. पण तो आवाज! उघडा, राकट, किंचित बेसूर. त्या बेसूरपणातच त्याची धार होती असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कोणाचं ऐकणार नाही.

२००४ मध्ये माइक आले. त्यालाही मी विरोध केला नाही. मरिंबा आणि व्हायब्राफोन शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावेत म्हणून पोरं कडक मॅलेटने (वाजवायच्या काठीने) बडवायची, त्यात लाकडाचा सगळा गोडवा जायचा. माइक आल्यावर मऊ मॅलेट वापरता आली.

२००९ ला सिंथेसायझर आला. इथे माझी गाडी थांबली. ट्युबावाले दहा-बारा जण जीव तोडून फुंकतायत आणि खाली एक मुलगा एका बोटाने तोच स्वर दाबून धरतो, तो स्पीकरमधून येतो आणि बाकी सगळं गिळून टाकतो.

मोरपंखी
शेवटच्या परिच्छेदाला +१००. आमच्याकडे त्याला "चिखल" म्हणतात.

तिरकस
सगळ्यांचं मनोगत वाचून भरून आलं. आता जरा इतिहास.

ड्रम गळ्यात घेऊनच चालायचं असा दंडक होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टिंपनी आणि कीबोर्ड मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली. ओरड झाली. १९८३ पर्यंत परीक्षक पाटी घेऊन पोरांच्या मधून फिरत आणि प्रत्येक चुकीला दशांश गुण कापत. ती पद्धत गेली. ओरड झाली. त्याच सुमारास गार्फिल्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगालीच्या वेड्यावाकड्या, तिरप्या, वाहत्या ड्रिलवर १९८३, ८४, ८५ अशी सलग तीन विजेतेपदं मारली. "ह्याला कवायत म्हणतात का?" अशी ओरड झाली. आज तेच शो जुनेजाणते डोळे मिटून आठवतात.

आणि ब्लूमिंग्टनकर, तुमच्याच गावच्या स्टार ऑफ इंडियानाने १९९३ ला काय केलं? सॅम्युअल बार्बर आणि बार्टोक, काळोखं, तुटक, टाळी वाजवायला जागाच नाही असं संगीत. स्टेडियम गार पडलं, काहींनी हुर्यो केली. कॅडेट्सकडून ०.१ गुणाने हरले आणि स्पर्धाच सोडून गेले. आज कोणत्याही जुन्या चाहत्याला सर्वोत्तम दहा शो विचारा, हा त्यात असतोच.

तात्पर्य: रेष नेहमी तिथेच असते जिथे तुम्ही पस्तिशी ओलांडली. जी_ब्यूगल काका, तुमची २००९ ला ओलांडली का? ह. घ्या.

जी_ब्यूगल
हलकं घेतलं. २००९ ला मी चाळिशीत होतो, त्यामुळे तुमचा सिद्धांत पाच वर्षांनी हुकला.

ब्लूमिंग्टनकर
@तिरकस, मी इथे आलो तोवर स्टारने गाशा गुंडाळला होता. मी तो शो नंतर व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, आणि मला तो प्रचंड आवडतो, त्यामुळे बाण वर्मी लागला म्हणा. पण एक बघा. स्टारने प्रेक्षकांना जे काही कोड्यात टाकलं ते पोरांच्या हातापायांनी आणि ओठांनी टाकलं. प्लग काढून कोणी तो शो बंद पाडू शकला नसता. नव्याला माझी हरकत नाहीच. ऐकू येतंय ते कोण वाजवतंय हे कळत नाही, तिथे मी गोंधळतो.

रच्याकने, तीच मंडळी पुढे 'ब्लास्ट!' घेऊन लंडनला आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेली, टोनी पुरस्कारही मिळवला. म्हणजे नाट्यगृहात जाण्याची हौस या लोकांना आजची नाही.

फ्रिस्कोची_आई
मी यात नवखी, फक्त आई म्हणून लिहिते. मुलगा मेलोफोन (ट्रंपेटसारखंच एक ब्रास वाद्य) वाजवतो, गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा टूरला गेला.

आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी विचारलं, "इंटर्नशिप सोडून हे? आणि वर पैसे तुम्ही भरता?" हो, आम्हीच भरतो. फी पाच हजार डॉलरच्या वर, त्यात बूट, विमानाची तिकिटं, हिवाळ्यातल्या कॅम्पांचा खर्च वेगळा. मुलाला एक पैसा मिळत नाही. दिवसभर उन्हात सराव, रात्री शो, मग बस, पहाटे दुसऱ्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये हवेची गादी. सहा-सात किलोने उतरून आला. सासूबाईंनी पाहिलं तेव्हा त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मुद्दा असा, की तो कोर निवडताना जुनी परंपरा वगैरे बघून गेला नाही. त्याने ब्लूकोट्सचा २०१६ चा शो यूट्यूबवर पाहिला होता. टोप्या नाहीत, पांढरे-करडे कपडे, रॅम्पवरून घसरणारी मुलं. शाळेतल्या पोराला वाटलं, हे मला करायचंय. तुम्हाला ज्या गोष्टीने खुर्चीत बसवून ठेवलं, त्याच गोष्टीने त्याला घरातून उठवलं. आता कोणाची बाजू घ्यायची?

खारी_बिस्कीट
अर्थातच सासूबाईंची.

शनिवारवाडा_ते_सॅनहोजे
गंमत म्हणजे आमच्या इथल्या ढोल-ताशा पथकात अगदी हाच वाद चालतो. चामड्याचं पान गेलं, प्लास्टिकचं आलं. दोऱ्या आवळायच्या जागी नटबोल्ट आले. आता तर मिरवणुकीत ताशाला माइक लावायचं म्हणतायत. पुण्याचे एक काका पथक सोडून गेले. मी तर म्हणतो डीसीआयमध्ये ढोल उतरवा, स्पीकर लागणारच नाहीत!

मोरपंखी
ढोलाला खरंच स्पीकर लागत नाही. पण शेजारच्याने पोलीस बोलावले तर किती गुण कापतात?

पावटा
आमच्या गावात परवानगी सकाळी अकरा ते एक. गणपती बाप्पाही घड्याळ बघून निघतात. चामड्याच्या पानाबद्दल बोलायचं तर पावसात ते ढिलं पडतं, सारखं शेकावं लागतं. प्लास्टिकला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा भर पावसात विसर्जनाला वाजवून

पावटा
(अर्धवट पोस्ट झालं.) वाजवून दाखवावं.

रिकामटेकडा
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कोणीतरी ट्रंपेट वाजवा.

नलू_न्यूजर्सी
वाजवते. पण आनंदाची बातमी नाही.

माइक आणि सिंथवर एवढी चर्चा झाली, कॅडेट्सचं नाव कोणी भूतकाळाखेरीज घेतलं नाही. १९३४ साली गार्फिल्ड, न्यू जर्सीच्या होली नेम चर्चमधून निघालेला कोर. दहा डीसीआय विजेतेपदं. २०२४ च्या वसंतात एक निवेदन आलं आणि नव्वद वर्षांचा कोर बंद झाला. मागे जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून चाललेला खटला होता, पैशाची ओढाताण होती. ज्यांनी सोसलं त्यांच्या बाजूनेच मी आहे, त्यात दुमत नाही. पण तो मरून आणि सोनेरी गणवेश आता कधी मैदानावर दिसणार नाही हेही खरं, आणि या दोन गोष्टी मनात एकत्र बसत नाहीत.

गंमत बघा, याच कॅडेट्सवर आम्ही २००७ ला किती चिडलो होतो. माइक हाती आले आणि शोभर निवेदन सुरू. एवढं सुंदर वाजतंय आणि वर कोणीतरी सतत बोलतंय. आम्ही स्टँडमध्ये अक्षरशः "गप्प बसा" म्हणायचो. आज ते निवेदन ऐकायलाही मी पैसे मोजीन.

सांता क्लारा व्हॅनगार्ड २०२३ ला पैशापायी मैदानात उतरलेच नाहीत. २०१८ चे विजेते, पाच वर्षांत ही गत. सुदैवाने २०२४ ला परतले. सत्तरच्या दशकात गावोगावी मिळून शेकडो कोर होते असं जुने लोक सांगतात. आता ओपन क्लास (लहान कोरांचा गट) धरूनही काही डझन. मला बदलाची भीती हीच वाटते. सिंथ आवडो न आवडो, तो वाजवायला कोर तर हवा.

तिरकस
नलूताई, हे दोन मुद्दे वेगळे नाहीत. गुणांचा तक्ता बघा. शंभरातले चाळीस गुण जनरल इफेक्टला (एकूण परिणामाला), तीस दृश्याला, तीस संगीताला. इफेक्ट म्हटला की प्रॉप्स आले, प्रॉप्स आले की ते वाहायला सेमी ट्रक आले, ट्रक आले की डिझेल आलं, आणि शेवटी फ्रिस्कोच्या आईची पाच हजारांची पावती आली. लहान कोरला हे जमत नाही. मग तो एक हंगाम विश्रांती घेतो, आणि ती विश्रांती संपत नाही. इथे मी चक्क जुन्या मंडळींच्या बाजूने बोलतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

जी_ब्यूगल
काढला.

सदू_सांताक्लारा
एक वेगळी नोंद. मॅडिसन स्काउट्सनी २०१९ ला मुलींनाही प्रवेश द्यायचं ठरवलं तेव्हा फेसबुकवर जुन्या सभासदांत केवढं रणकंदन झालं होतं. माझ्या ऑफिसमधला एक गोरा सहकारी ऐंशीच्या दशकात मॅडिसनमध्ये होता, आठवडाभर बोलेनासा झाला. पुढच्या वेळी शो बघायला आला तो नातीला घेऊन. विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

अवांतर: जुन्या रेकॉर्डिंग कोणाकडे आहेत का? गाण्यांच्या हक्कांच्या भानगडीमुळे अधिकृत डीव्हीडीत मधले तुकडे मुके केलेत. व्हॅनगार्डचा बाटली डोक्यावर ठेवून केलेला नाच पाहायचाय, आवाजासकट.

पोळीचा_लाडू
डोक्यावर बाटली?? आता मात्र बघावंच लागणार.

मृण्मयी_एम
नमस्कार. माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी इथेच वाढले. तीन वर्षं कोरमध्ये ट्रंपेट वाजवला, आता वय संपलं. हा धागा आईने पाठवला.

तुम्ही सगळे बाहेरून बोलताय म्हणून आतलं सांगते. मैदानावर उभं असताना पूर्ण शो आम्हाला कधीच ऐकू येत नाही. मैदान खूप मोठं आहे, आवाज पोचायला वेळ लागतो. म्हणून नियम असा, की मागच्या ड्रमलाइनचं ऐकून वाजवायचं आणि पाय ड्रम मेजरच्या हाताबरोबर टाकायचे. समोरून पिटचा (मैदानाच्या कडेला ठेवलेल्या मरिंबा, सिंथ वगैरेंचा) आवाज येतो तो ऐकायचाच नाही, ऐकलं की उशीर होतो. लुकस ऑइलमध्ये छत बंद असतं, भिंतीवर आपटून आपलाच आवाज उशिरा परत येतो. पहिल्या दिवशी सगळ्यांची धांदल उडते.

सिंथबद्दल जी_ब्यूगल काकांना: तो वाजवणारा मुलगाही जिमच्या फरशीवरच झोपतो. तोही ऑडिशन देऊन आलेला असतो. पण एक सांगते, जिथे खूप सिंथ असतो तिथे ट्रंपेट सेक्शनमध्ये आम्हालाही राग यायचा. आम्ही त्या आठ बारवर अख्खा जून घालवायचो.

आणि २०२१ ला, कोविडनंतर, गुणच नव्हते. स्पर्धा नाही, फक्त शो. माझा पहिला हंगाम तोच. लोक प्रत्येक कोरला उभे राहत होते. नंतरच्या वर्षी गुण परत आले आणि लोक परत बसले. :)

नलू_न्यूजर्सी
मृण्मयी, तुझं मराठी कच्चं असेल तर आमचं अजून पीठच आहे. छान लिहिलंस गं.

खारी_बिस्कीट
"नंतरच्या वर्षी गुण परत आले आणि लोक परत बसले." ब्लूमिंग्टनकर, तुमचा धागा या मुलीने एका वाक्यात संपवला.

जी_ब्यूगल
संपवला नाही. पण सिंथवाल्या पोराबद्दल ती म्हणते ते मान्य. माझी तक्रार त्याच्यावर नाही, त्याला तो स्वर लिहून देणाऱ्यावर आणि मिक्सरवर बसलेल्या पगारी माणसावर आहे. पोरांचा तोल पोरांनी साधायचा की टेबलावरच्या बटणाने, एवढाच प्रश्न. आणि परीक्षक गुण देतात ते कोणाच्या कामाला?

ब्लूमिंग्टनकर, तुमच्यासाठी व्यावहारिक सल्ला. फायनलला जाऊ नका. त्या छताखाली वाहवा मिळते ती सबवूफरलाच. ऑगस्टच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला या. दोन रात्रींचा शो, उघडं हायस्कूल स्टेडियम, वर आकाश, खाली सिमेंटच्या पायऱ्या. आवाज वर निघून जातो, त्यामुळे ब्रास आणि स्पीकर वेगवेगळे ऐकू येतात. उंच बसा, पन्नास यार्डाच्या (मैदानाच्या मधल्या) रेषेच्या जरा बाजूला, म्हणजे स्पीकर थेट तोंडावर येत नाहीत. आणि दुपारी पार्किंगमध्ये ड्रमलाइन वॉर्मअप करत असते, त्यांच्या समोर चार फुटांवर जाऊन उभे राहा. तिथे प्लग नाही, माइक नाही, स्टेज नाही. आमच्यातले अर्धेअधिक लोक त्यासाठीच येतात.

फ्रिस्कोची_आई
पार्किंगचं अगदी खरं! सॅन अँटोनियोच्या शोला मुलाला वॉर्मअप करताना पाहिलं ते आत पाहिल्यापेक्षा जास्त लक्षात आहे. मला बघून त्याने ओळखही दाखवली नाही, एवढी शिस्त. घरी असती तर.

ब्लूमिंग्टनकर
बॉस्टनच्या ज्या म्हाताऱ्यांबद्दल वर लिहिलं, ते निकाल लागायच्या आधीही उभे होते. शो चालू असताना. सिंथ, रॅम्प, सगळ्यासकट. त्यांना मैदानावर काय दिसत होतं ते मला दिसलं नाही, कारण माझा कोर मैदानावर नव्हता. स्टार १९९३ नंतर नाहीच. कदाचित मी न उठण्याचं कारण स्पीकरपेक्षा हे जास्त असेल. पण जी_ब्यूगल, चिखलाबद्दल मी तुमच्याच बरोबर आहे, ते मी सोडत नाही.

ॲलनटाउन ठरलं. ब्लूमिंग्टनहून गाडीने साधारण किती तास?

पावटा
दहा-अकरा तर धराच, आणि ओहायोत पोलीस असतात.

शनिवारवाडा_ते_सॅनहोजे
मी विमानाने येतो. ढोल चेक-इनमध्ये चालतो का कोणाला माहीत आहे?

रिकामटेकडा
तिकिटं काढताना मला धरा. एक खुर्ची मी आधीच टाकली आहे.